म्युच्युअलची फाइल: कोर्टात जायच्या आधी काय काय जमवाल

घटस्फोट घ्यायचं दोघांचंही ठरलंय, भांडण नाही, मग काय दोन सह्या केल्या की सुटलो असं मलाही वाटलेलं. आमचं म्युच्युअलच होतं, म्हणजे परस्पर संमतीने, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब, आणि तरी अर्ज दोनदा दुरुस्तीला परत आला, दोन्ही वेळा फालतू कागदांपायी. ओळखीत कोणी ना कोणी विचारत असतंच म्हणून एकदाच लिहून टाकते. स्पेशल मॅरेज म्हणजे आपण ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतो त्याला कलम २८ लागतं पण तयारी बरीचशी हीच. गोव्यात लग्न झालेल्यांनी मात्र हे धरून चालू नका, तिकडे पोर्तुगीज काळापासूनचा वेगळा कायदा आहे.

पहिलं म्हणजे लग्नाचा दाखला. रजिस्टर केलेलं नसेल तर पत्रिका आणि दोघांचे लग्नातले फोटो शोधायला लागा, आमचा अल्बम सासरच्या माळ्यावर होता आणि तो मागायला फोन कोण करणार यात तीन आठवडे गेले. फोटोत अंतरपाट धरलेला नको, दोघांची तोंडं दिसली पाहिजेत.

दुसरं, नावं. हे खास आपल्याकडचं दुखणं, मधलं नाव. माझं आधार माहेरच्या नावाने, पॅनवर नवऱ्याचं नाव मधे, आणि दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. सगळी ओळखपत्रं एका टेबलावर मांडून बघा आणि जिथे फरक असेल तिथे अर्जात "उर्फ" लावून दोन्ही नावं घालायला सांगा. हे वकिलाच्या लक्षात येईल असं समजू नका, माझ्या नाही आलं.

मग तारीख. अर्ज करण्याआधी किमान १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे वेगळ्या घरात असंच नाही, एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसाल तर ते धरतात, पण वेगळ्या घराचा कागद असला की बोलायलाच लागत नाही. माझ्याकडे भाड्याच्या फ्लॅटचं रजिस्टर केलेलं लिव्ह अँड लायसन्स होतं. आणि गंमत म्हणजे वकिलाच्या ऑफिसातल्या मुलाने ड्राफ्टमध्ये वेगळं झाल्याची तारीख टाकली ती आम्ही दोघं भाच्याच्या मुंजीत शेजारी शेजारी उभे असलेल्या दिवसाची! ड्राफ्ट स्वतः वाचा, दोनदा वाचा.

अर्ज कुठे करायचा तर लग्न जिथे लागलं, शेवटचं एकत्र जिथे राहिलात, किंवा बायको आता जिथे राहते तिथलं कोर्ट चालतं, त्यामुळे दर तारखेला नागपूरहून मुंबई करायची गरज नसते. परदेशात असाल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र आणि व्हिडिओ कॉन्फरन्ससाठीचा अर्ज, दोन्ही लवकर हलवा.

आता खरं काम, कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांना मान्य असलेल्या अटी लिहून काढायच्या. अर्जापेक्षा ह्यावर वेळ घाला. "मुलगा आईकडे, वडील भेटू शकतात" एवढं लिहिलं तर पहिल्याच सुट्टीत वाजेल. आमच्यात पोटगीवरून काही झालं नाही, झालं ते गणपतीवरून, कारण त्यांचा गणपती कोकणात गावी, आणि माझ्या आईकडे दीड दिवसाचा, आणि मुलगा एकच. शेवटी एक वर्ष इकडे एक वर्ष तिकडे, आणि पहिलं वर्ष कोणाचं तेही लिहिलं. तसंच दुसरा-चौथा शनिवार किती वाजता घ्यायचा, कुठे सोडायचा, मे महिन्याच्या सुट्टीचा कुठला भाग कोणाचा, शाळेची फी कोण भरणार, पासपोर्टला सही लागली तर द्यायची की नाही, सगळं. आई "मला काही नको" म्हणाली तरी मुलाचा खर्चाचा हक्क त्याने संपत नाही, तेव्हा उगाच मोठेपणा करून ती ओळ कोरी सोडू नका. ताबा आणि भेटीचं पुढे परिस्थिती बदलली तर कोर्टाकडून बदलून घेता येतं.

स्त्रीधनाची यादी वजनासकट करा, पाटल्या दोन, मंगळसूत्र एक असं, फोटो काढा, आणि मिळालं की "मिळालं" अशी सही घ्या-द्या. घराचं कर्ज दोघांच्या नावावर असेल तर तुम्ही आपसात काहीही लिहा, बँक ते मानायला बांधील नाही, हप्ता चुकला की फोन दोघांना येणार, म्हणून बँकेत आधी जाऊन या.

पैसे एकरकमी ठरले असतील तर टप्पे पाडा. संमती दिलेली माणसं निकाल होईपर्यंत ती मागे घेऊ शकतात, सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच तसं म्हटलंय, म्हणून अर्धे पहिल्या मोशनला (अर्जावर कोर्टात पहिल्यांदा उभं राहतो ती) आणि अर्ध्याचा डीडी दुसऱ्या मोशनच्या (मधे थांबून पुन्हा संमती सांगतो ती) दिवशी हातात, हे दोन्ही बाजूंना बरं. आधीच्या केसेस असतील तर प्रत्येकीचा नंबर घाला. ४९८-अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केल्याची केस, जे आता भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) कलम ८५ आहे, ते आपसात मिटलं म्हणून आपोआप मिटत नाही, हायकोर्टात जाऊन रद्द करून घ्यावं लागतं, त्याचा खर्च कोण करणार तेही लिहा.

दोन मोशनमध्ये ६ महिने थांबायचं असतं, आणि १८ महिन्यांच्या आत दुसरी मोशन करायची. ६ महिने माफ होऊ शकतात, सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून, पण तेव्हा वेगळं राहून दीड वर्ष झालेलं हवं, पोटगी-मुलांचं सगळं ठरलेलं हवं, समेटाचे प्रयत्न संपलेले हवेत, आणि त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. वकिलाची फी झेपत नसेल तर बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा.

तारखेच्या दिवशी सगळ्याचे ओरिजिनल, दोन-दोन झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो, पाणी आणि डबा. आदल्या रात्री ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर, म्हणजे आपल्या केसचा नंबर, टाकून तारीख आहे ना ते बघा. मॅरेज कौन्सिलरकडे दोघांना बसवतात, एकत्र आणि वेगवेगळं, तिथे भांडू नका आणि पाठ केल्यासारखंही बोलू नका. मग बाहेरच्या बाकावर बसून पुकाऱ्याची वाट. आमचा पुकारा झाला तेव्हा हा चहा आणायला खाली गेलेला, मी शिपायाला हात जोडत उभी, हा दोन कप घेऊन धावत आला. दोन कप. ते कप आत नेऊ देत नाहीत, खिडकीत ठेवून आत गेलो.

निकालानंतर डिक्रीच्या सर्टिफाइड कॉपी तीन-चार तरी काढून ठेवा, पासपोर्ट, बँक, सोसायटी सगळीकडे लागतात. नाव बदलायलाच हवं असं बंधन नाही, मी मुलाच्या शाळेच्या कागदांसाठी आडनाव तेच ठेवलंय. पण ईपीएफ आणि एलआयसीचा नॉमिनी त्याच आठवड्यात बघा, मी आठ महिन्यांनी उघडून बघितलं तर तिथे अजून त्याचंच नाव होतं, नात्याच्या रकान्यात "पती".