यूव्ही बसवताना समोरची भिंत आधी बघा

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यात यूव्ही युनिट, म्हणजे अतिनील किरणांनी पाण्यातले जंतू मारणारं यंत्र, बसवायचं असेल, तर आधी पाण्याचा नमुना तपासून घ्या, तोही पावसाळ्यातला. गोदेचं पाणी गढूळ झालं की किरण गाळातच अडतात. म्हणून युनिटच्या आधी ५ मायक्रॉनचा फिल्टर हवाच. क्षमता ठरवताना सरासरी नको, जेवणाच्या सुट्टीत सगळे नळ एकदम सुटतात तो प्रवाह धरा. आणि हमखास विसरली जाणारी गोष्ट: युनिटमधला दिवा आणि त्याभोवतीची क्वार्ट्झची (काचेसारखी) नळी सरळ बाहेर ओढावी लागते, तेवढी जागा समोर मोकळी ठेवा. आमच्याकडे भिंत आडवी आली, शेवटी पाइप कापला. दिवा पेटलेला दिसला तरी साधारण ९,००० तासांनी बदला. पुढे टाकीत साठवणार असाल तर थोडं क्लोरीन लागेलच, यूव्हीचा असर तिथवर टिकत नाही.