जुनी आरसी बग्गी माळ्यावरून काढलीय? मग या चुका टाळा

आमच्याकडे तामिया या जपानी कंपनीची ग्रासहॉपर ही आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, बग्गी आहे, मामाने १९८७ला मस्कतहून येताना आणलेली. चिपळूणच्या घरी माळ्यावर खोक्यासकट पडून होती, पंचवीसेक पावसाळे तिने तिथेच काढले. खाली काढली, धूळ पुसली आणि पहिला विचार काय आला, तर बॅटरी लावून बघूया चालते का. सगळे हेच करतात, आणि जुन्या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान नेमकं याच पाच मिनिटांत होतं, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

ग्रासहॉपर आणि तिची बहीण हॉर्नेट, दोन्ही १९८४च्या. आतून अगदी साध्या गाड्या: प्लास्टिकच्या टबसारखी चॅसी, मागे मोटार आणि गिअरबॉक्स, दोन सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर हात फिरवणाऱ्या छोट्या मोटारी), त्यातला एक स्टिअरिंगचा आणि दुसरा वेग ठरवणारा स्पीड कंट्रोलर हलवणारा. साध्या आहेत म्हणूनच चाळीस वर्षांनीही चालू होतात, फक्त तपासायचं क्रमाने, बॅटरीपासून चाकापर्यंत, मधली पायरी सोडायची नाही.

आधी रिसीव्हरचा, म्हणजे गाडीत रिमोटचे इशारे पकडणाऱ्या डबीचा, पेन्सिल सेलचा डबा उघडा. सेल आत विसरले असतील तर स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड दिसेल. ते अल्कली असतं, म्हणून कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसायचं, मग ओल्या फडक्याने, मग पूर्ण कोरडं. पूड वायरच्या आतपर्यंत चढते हे लक्षात ठेवा, वरून वायर छान दिसते आणि सोलली की आत काळी निघते. अशी वायर बदलूनच टाका. गाडीसोबत आलेला जुना निकेल-कॅडमियम पॅक असेल तर त्याला फास्ट चार्जरला लावू नका, त्याचं आयुष्य संपलेलं असतं आणि आतलं कॅडमियम विषारी आहे, तो ई-कचऱ्यातच द्या. नवीन ७.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक घ्या. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी नको. या गाडीच्या स्पीड कंट्रोलरला व्होल्टेज कमी झालं की बंद करायची सोय नाही, त्यामुळे गाडी पळत राहते आणि लिपो प्रत्येक सेलला ३ व्होल्टच्या खाली जाऊन कायमचा खराब होतो.

दुसरी मोठी चूक रिसीव्हरची. बरेचसे जुने रिसीव्हर वेगळ्या चार सेलवर म्हणजे ६ व्होल्टवर चालतात, आणि लोक काय करतात तर डबा खराब झालाय म्हणून मेन पॅकच थेट जोडतात. फुल चार्ज पॅक ८ व्होल्टच्या वर जातो. एकदा वास आला की रिसीव्हर गेला.

आता स्पीड कंट्रोलर, यावर जरा थांबतो कारण 'मोटार गेली' म्हणून लोक जी मोटार फेकतात ती बहुतेक वेळा चांगली असते. खात्री करायची सोपी युक्ती: मोटारच्या दोन्ही वायरी सोडवा आणि दोन पेन्सिल सेल थेट मोटारला लावा. फिरली तर मोटार चांगली आहे, दोष कंट्रोलरमध्ये किंवा वायरीत आहे. हा कंट्रोलर म्हणजे एक प्लेट, त्यावर तांब्याच्या पट्ट्या, आणि सर्व्होने सरकणारा एक हात. हळू आणि मध्यम वेगाला करंट त्याला अडवणाऱ्या रेझिस्टरमधून जातो, फुलला थेट जातो. त्यावरूनच निदान होतं. फक्त फुल स्पीडलाच गाडी चालत असेल तर रेझिस्टर किंवा त्याची वायर तुटलीय, आणि हळू चालते पण फुलला बंद पडते तर शेवटच्या पट्टीचा कॉन्टॅक्ट घाण आहे.

माझी प्लेट काढली तेव्हा पट्ट्या पार काळ्या होत्या, कडेला हिरवट थर आणि मधोमध हात जिथे घासतो तिथे एक बारीक चकचकीत रेघ, तेवढ्या रेघेवरच गाडी शेवटपर्यंत चालली असणार. तांबं म्हटलं की आपला हात चिंच-मिठाकडे जातो, पण इथे ते करू नका, मीठ फटीत राहतं आणि पुढच्या पावसात परत हिरवं होतं. पॉलिश पेपर पण नको, पट्टी पातळ होते. साधा पेन्सिलचा खोडरबर घ्या आणि शांतपणे घासत बसा, पंधरा-वीस मिनिटांत तांबं लालसर दिसायला लागतं, मग स्पिरिटने पुसा आणि कॉन्टॅक्ट ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. सरकणाऱ्या हाताची स्प्रिंग ढिली असेल तर अलगद वाकवून दाब वाढवा.

बसवताना रिमोट चालू करून ट्रिम (रिमोटवरचं बारीक जुळवणीचं बटण) मधोमध ठेवा आणि मगच सर्व्होचा हॉर्न, म्हणजे त्याच्या दांड्यावरची पट्टी, लावा. न्यूट्रलला, म्हणजे रिमोटचा ट्रिगर सोडलेला असताना, कंट्रोलरचा हात पट्टीवर न येता रिकाम्या जागेत उभा राहिला पाहिजे. तो जरा जरी पट्टीला टेकला तर गाडी जागेवर गुरगुरते आणि रेझिस्टर इतका तापतो की बोट लावलं तर फोड येईल, शेजारची वायर वितळेल. रेझिस्टर कंपनीने दिलेल्या जागीच ठेवा, दिसायला बरं नाही म्हणून बॉडीच्या आत दाबू नका, त्याला हवा लागते.

गाडी मध्येच झटके खाते, स्टिअरिंग थरथरतं, अशी तक्रार असेल तर लोक आधी रिमोटला दोष देतात. आधी मोटारच्या मागे बघा. तिथे तीन छोटे कपॅसिटर असायला हवेत, ०.१ मायक्रोफॅराडचे, त्यांच्यावर १०४ लिहिलेलं असतं. एक दोन्ही टर्मिनलच्या मध्ये, बाकीचे दोन प्रत्येक टर्मिनलपासून मोटारच्या पत्र्यापर्यंत. एकाचा जरी पाय तुटला तरी मोटारच्या आत करंट देणाऱ्या ब्रशच्या ठिणगीचा रेडिओ खरखराट २७ मेगाहर्ट्झच्या जुन्या रिसीव्हरला थेट ऐकू जातो. आणि फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल काढले असतील तर रिमोटचा आणि गाडीचा वेगवेगळा असतो, त्यांच्यात ४५५ किलोहर्ट्झचा फरक असतो, अदलाबदल केली तर काहीच चालणार नाही. अँटेनाची वायर लांब वाटते म्हणून कापायची नाही. चालू करताना आधी रिमोट मग गाडी, बंद करताना आधी गाडी मग रिमोट, नाहीतर गाडी कुठलाही रेडिओ खरखराट पकडून आपल्या मनाने सुटते.

स्क्रूबद्दल थोडंसं. हे जपानी मापाचे आहेत, आपला नेहमीचा फुलीचा पेचकस त्यात नीट बसत नाही आणि डोकं गोल होतं, जेआयएसचा (जपानी मापाचा) पेचकस मिळाला तर घ्याच. प्लास्टिकमधला स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा, टक असं जाणवलं की जुन्या आट्यात पडला, मग घट्ट करा. हे केलं नाही तर प्रत्येक वेळी नवीन आटे पडतात आणि तिसऱ्या वेळी भोक संपतं.

गिअरबॉक्स न उघडता भोकातून तेलाचा स्प्रे मारायचा मोह होतो, तो टाळा. आतलं ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं असतं, स्प्रेने ते पातळ होऊन वाहून जातं आणि दात कोरडे राहतात. उघडा, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घ्या, धुवा, वाळवा, नवीन ग्रीस लावा, पण भरून नको, दातांना लागेल एवढंच. बंद केल्यावर मोटारचा गिअर धरून एक चाक हाताने फिरवा, दुसरं उलट फिरलं की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) बरोबर बसलाय.

बॉडीच्या बाबतीत मात्र मी कळकळीने सांगतो, थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यातलं काहीही जवळ आणू नका. ओळखीच्या एका पेंटरकडे एकाने हॉर्नेटची बॉडी दिली होती, त्याने थिनरने पुसली आणि तिला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडल्या, ते परत होत नाही. ग्रासहॉपरची बॉडी कडक प्लास्टिकची, तिला बाहेरून रंग, तामियाचा टीएस स्प्रे. हॉर्नेटची पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, तिला आतून रंग आणि तो पीएस स्प्रेच, दुसरा मारला तर पापुद्रे सुटतात. मूळ स्टिकर टिकून असतील तर मी म्हणेन रंगवूच नका. ओरखडे असू देत, ते त्या गाडीचे आहेत.

पार्ट मिळत नाहीत हा समज पण चुकीचा आहे. हॉर्नेट २००४ला आणि ग्रासहॉपर २००५ला परत बाजारात आल्या आणि त्यांचे बरेचसे पार्ट जुन्या गाडीला बसतात, त्यामुळे तडा गेलेला सर्व्हो सेव्हर (धक्का बसला तर सर्व्हो वाचवणारा स्टिअरिंगचा भाग) सुपरग्लूने चिकटवत बसू नका, नवीन लावा आणि जुना डबीत जपून ठेवा.

आणि गाडी ठेवताना पॅक काढून ठेवा, चॅसीखाली लाकडाचा ठोकळा द्या म्हणजे चाकं अधांतरी राहतील. माझ्या गाडीचे मागचे टायर एका बाजूने चपटे झालेत, आणि खोक्यात मोकळा पडलेला पुढचा टायर बॉडीला टेकून राहिल्यामुळे रबराने प्लास्टिक खाल्लंय, तिथे टायरच्या नक्षीचा ठसा उमटलाय.