नावडती नोकरी करताना खुश राहायचंय? मग या चुका टाळा

कर्जाचे हप्ते चालू असतात, घर आपल्या पगारावर चालत असतं आणि दुसरी नोकरी मागितली की लगेच मिळत नाही. अशा माणसाला 'आवडत नसेल तर सोडून दे' असं सांगून काहीच हाती लागत नाही. त्याला उद्या सकाळी कामावर जायचंच आहे.

नोकरी नावडती असण्यात काही गैर नाही. खरा त्रास सुरू होतो तो ही नावड कामाबाहेर पसरायला लागली की. जेवताना तोच विषय, झोपताना तोच, मुलं काहीतरी सांगत असतात आणि आपण मनातल्या मनात साहेबांना उत्तरं देत असतो. हे पसरणं थांबवता येतं. पण बहुतेक जण आधी पुढच्या चुका करतात.

'ही नोकरीच नको' असं सरसकट म्हणणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. संपूर्ण नोकरी नकोशी वाटत असेल, तर काय दुरुस्त करायचं हे कळतच नाही आणि हतबल वाटत राहतं. आठवडाभर एक साधी नोंद ठेवून बघा: आज नेमकं कधी डोकं उठलं? 'दिवस वाईट गेला' असं लिहू नका. किती वाजता, कोणाशी बोलताना, कोणतं काम हातात असताना, एवढं लिहा.

अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या एका मैत्रिणीला महिनाअखेर जवळ आली की पोटात गोळा यायचा. नोंदी पाहिल्यावर लक्षात आलं की आकडेमोड तिला आवडते. ताळा जुळला की ती खुश असते. नको असायचं ते बिलांसाठी एकेकाला फोन करून मागे लागणं. मग तिने साहेबांशी बोलून बिलं देण्याची शेवटची तारीख सगळ्यांसाठी ठरवून घेतली. आता आठवणीचा एकच मेसेज जातो आणि उशिरा आलेलं बिल पुढच्या महिन्यात धरलं जातं. नोकरी तिला आजही फारशी आवडत नाही, पण पोटातला गोळा गेला.

नेमकं दुखणं सापडत नसेल, तर क्रिस्टिना मास्लाक आणि मायकल लायटर या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेल्या सहा जागा तपासा: कामाचा भार, निर्णयाचं स्वातंत्र्य, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्यायाची वागणूक, आणि आपली मूल्यं. पहिल्या दोनांत गडबड असेल तर बोलून बरंच काही बदलतं. कामाचा क्रम, वेळा, कोणी काय करायचं, हे मागून बघायला हरकत नसते. गडबड शेवटच्या जागी असेल, म्हणजे आपल्याला चुकीचं वाटणारं काम रोज करावं लागत असेल, तर कोणतीही युक्ती फार दिवस पुरणार नाही. तिथे बाहेर पडायची तयारी सुरू करणंच बरं.

दिवसभर खोटं हसणं

आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये विमानातल्या सेविकांच्या कामाविषयी लिहिताना हाच मुद्दा मांडला होता: पगारासाठी चेहऱ्यावर भाव आणणं हेही श्रमच आहेत, आणि त्यांचाही थकवा येतो. राग नुसता दाबला तर तो चेहऱ्यावर दिसत नाही, पण आत कमी होत नाही. उलट शरीरावर ताण वाढतो. म्हणून उत्साहाचं सोंग आणू नका. सभ्यपणे, नीट बोलणं पुरेसं आहे. ग्राहकांशी सतत बोलावं लागत असेल, तर हा माणूस कशाने अडलाय एवढं समजून घ्यायचा प्रयत्न करा. हसू ओढूनताणून आणण्यापेक्षा ते कमी थकवतं.

कुरकुर मंडळात रोज हजेरी

मन मोकळं करायला माणूस हवाच, त्यात दुमत नाही. पण तेच रडगाणं रोज गायलं की मैत्री घट्ट होते आणि मन जास्त खचतं. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंना 2002 मध्ये शाळकरी मुलांच्या मैत्रीचा अभ्यास करताना हेच चित्र दिसलं होतं, आणि मोठ्यांचं याहून वेगळं होत असेल असं मला वाटत नाही. चहाच्या वेळी तक्रार सुरू झाली की एक प्रश्न जरूर विचारा: 'मग आपण काय मागायचं, आणि कोणाकडे?' उत्तर नसेल तर विषय बदला.

पाट्या टाकणं

काम आवडत नाही म्हणून ते कसंबसं उरकलं की दिवस लवकर संपेल असं वाटतं. प्रत्यक्षात घड्याळ पुढे सरकत नाही, चुका परत येतात आणि बोलणी बसतात. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या संशोधक बाईंनी 2001 मध्ये रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांबद्दल लिहिलंय. काही जण नेमून दिलेलं तेवढंच करत. काही जण रुग्णांशी दोन शब्द बोलत, वॉर्डातली कामं कशी चालतात ते बघून आपली सफाई आखत. काम एकच, पण या दुसऱ्या गटाला ते आवडत होतं. सगळंच जीव ओतून करा असं मी म्हणणार नाही, तेवढा जीव उरलेला नसतो. रोज एकच गोष्ट आपल्या मनासारखी, नीट करा.

ऑफिस डोक्यात घेऊन घरी येणं

अर्धवट राहिलेलं काम मनात घोळत राहतं. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या 2011 च्या प्रयोगांत दिसलं की ते काम कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं, तर काम न संपताही त्याचे विचार कमी सतावतात. म्हणून निघण्याआधी पाच मिनिटं बसून कागदावर लिहा: 'उद्या सकाळी आल्याआल्या अमुक फाइल उघडायची, मग तमुकला फोन.' मग कागद टेबलावरच ठेवून निघा. आणि दिवस आपला नव्हता म्हणून रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघत त्याची भरपाई करू नका, दुसऱ्या दिवशी तीच नोकरी दुप्पट जड वाटते.

सगळा दोष स्वतःला देणं

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मान्यता दिलेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद आजार म्हणून केलेली नाही. दीर्घकाळ न हाताळलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी स्थिती, अशी ती नोंद आहे. म्हणजे सगळा दोष आपलाच नसतो. खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन विटणं, आणि हातून काम नीट न होणं. असं आठवडेच्या आठवडे चालू असेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटा. अपमान, छळ, पगार अडवणं अशा गोष्टींत तर खुश राहायचा प्रयत्नच करू नका. तारखेसह लेखी नोंदी ठेवा आणि तक्रार करा.

भांडणाच्या दिवशी राजीनामा

सोडायचं असेल तर शांत दिवशी ठरवा. काही महिन्यांचा खर्च बाजूला टाका, बायोडेटा नीट करून घ्या, आठवड्यातली एक संध्याकाळ अर्ज करण्यासाठी राखून ठेवा. नव्या ठिकाणचं लेखी पत्र हातात पडेपर्यंत ऑफिसात कोणाला सांगू नका, अगदी जवळच्या सहकाऱ्यालाही.