‘मीडिया विकला गेलाय’ म्हणण्याआधी: प्रशिक्षकाच्या वादात या चुका टाळा

भारतीय क्रिकेट संघाच्या प्रशिक्षकाची मुदत संपत आली की आमच्या अमृततुल्यसमोरचा रविवारचा कट्टा दोन तासांनी लांबतो. पुढचा कोण, याची चर्चा दहा मिनिटांत आटोपते. उरलेला वेळ एकाच वाक्याभोवती जातो: ‘मीडिया विकला गेलाय.’

मी बावीस वर्षं पुण्यातल्या एका दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर होतो. बातम्या निवडल्या, कापल्या, त्यांना मथळे दिले. पक्षपात असतो. मी तो जवळून पाहिलाय आणि त्यावरून संपादकांशी भांडलोही आहे. म्हणूनच भलत्या जागी केलेला आरोप ऐकला की मला राग येतो. आरडाओरडा तिकडे होतो आणि जिथे खरंच खोट आहे ती जागा कुणी बघतच नाही.

सात कात्रणं म्हणजे सात बातम्या समजणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली. मे २०१७ ची गोष्ट. अनिल कुंबळे यांची प्रशिक्षकपदाची एक वर्षाची मुदत संपत आली होती. चॅम्पियन्स ट्रॉफी तोंडावर असताना बोर्डाने, म्हणजे बीसीसीआयने, त्या पदासाठी अर्ज मागवले, आणि कर्णधार विराट कोहली व कुंबळे यांचं पटत नाही अशा बातम्या येऊ लागल्या. एक वाचक फाइल घेऊन थेट कार्यालयात आले. सदाशिव पेठेतले, निवृत्त बँक अधिकारी, कुंबळे यांचे निस्सीम चाहते. फाइलमध्ये सात वृत्तपत्रांची कात्रणं, प्रत्येकावर लाल पेनाच्या रेघा. ते म्हणाले, ‘‘या माणसाने सतरा कसोटींपैकी बारा जिंकून दिल्या, एकच हरली, तीही आपल्या पुण्याच्या गहुंजे स्टेडियमवर. आणि त्याच्याविरुद्ध सात पेपर एका रात्रीत एकत्र येतात. हा कट नाही तर काय?’’

मी सातही कात्रणं टेबलावर ओळीने मांडली. पाचांवर ‘वृत्तसंस्था’ असं स्पष्ट छापलेलं होतं. सहाव्यावर ‘क्रीडा प्रतिनिधी’ होतं, पण तिसरा परिच्छेद इतर पाचांशी शब्दन् शब्द जुळत होता. सातवं इंग्रजी होतं, बाकीच्यांचा मजकूर त्याच कॉपीवरून मराठीत आलेला. म्हणजे बातमी एकच. एका वार्ताहराने, एका किंवा दोन सूत्रांच्या आधारे दिलेली. सात संपादकांनी संगनमत केलेलं नव्हतं. सात उपसंपादकांनी रात्री साडेदहाला जागा भरली होती.

काकांना ते पटलं नाही. त्यांनी विचारलं, ‘‘मग एकाच माणसाच्या सांगण्यावरची बातमी तुम्ही तपासली का?’’ हा प्रश्न अगदी योग्य होता. आम्ही तपासली नव्हती. शिवाय मूळ मजकुरात ‘असे समजते’ होतं आणि दोन कॉलमच्या मथळ्यात ते बसत नाही म्हणून मीच ते गाळलं होतं. शंका वाटावी असं वाक्य मथळ्यात ठाम झालं. दोष होता तो तिथे, आणि तो त्यांच्या लाल रेघांमध्ये कुठेच नव्हता.

२० जूनला कुंबळे यांनी राजीनामा दिला. कर्णधाराला आपल्या कार्यशैलीबद्दल आणि पदावर राहण्याबद्दल आक्षेप आहेत, असं बोर्डाने आपल्याला आदल्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, हे त्यांनी स्वतः जाहीर निवेदनात लिहिलं. म्हणजे बातमीचा गाभा खरा निघाला. प्रशिक्षकाला ही गोष्ट वर्षाच्या अखेरीस कळते, याबद्दल काकांनी चिडायला हवं होतं ते बोर्डावर.

माझी सवय सांगतो. मी बातमीचा तिसरा परिच्छेद आधी वाचतो. पहिला परिच्छेद प्रत्येक डेस्क आपापल्या शैलीत बदलून घेतं. तिसऱ्याला कुणी हात लावत नाही. तो दोन ठिकाणी सारखा दिसला की मूळ एकच. फोनवर वाचत असाल तर त्यातलं एक वाक्य उचलून शोधून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढाही धीर नसेल, तर कट कोणी रचला हे सांगायची घाई करू नका.

जाहिरात न वाचता भांडणं

मे २०२४. राहुल द्रविड यांची मुदत जूनमधल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाबरोबर संपणार होती. बोर्डाने नव्या प्रशिक्षकासाठी अर्ज मागवले, शेवटची तारीख २७ मे. बरोबर आदल्या दिवशी चेन्नईत कोलकाता नाइट रायडर्सने आयपीएल जिंकली. त्या संघाचे मेंटॉर (मार्गदर्शक) गौतम गंभीर, मुख्य प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे गंभीर यांचंच नाव, आणि कट्ट्यावर संताप: ‘‘मुख्य प्रशिक्षक आपला पंडित. मुंबईला तीनदा, विदर्भाला दोनदा आणि मध्य प्रदेशला एकदा रणजी जिंकून दिली. त्याचं नाव कोणी घेत नाही. दिल्लीचा मीडिया मराठी माणसाला डावलतो.’’

तिथल्या एका तरुणाने तर त्याच दिवशी लांबलचक मजकूर लिहून शंभर जणांना पाठवला. मी त्याला विचारलं, जाहिरात वाचलीस का? नव्हती. जाहिरातीत अट होती की उमेदवार साठ वर्षांच्या आतला हवा. पंडित यांचा जन्म १९६१ चा. ते तेव्हा बासष्ट वर्षांचे होते, अर्जच करू शकत नव्हते. त्यांचं नाव शर्यतीत न घेणारा वार्ताहर आपलं काम नीट करत होता. पुढे मुलाखती घेणाऱ्या क्रिकेट सल्लागार समितीतही तिघांपैकी दोघं आपलेच होते, जतिन परांजपे आणि सुलक्षणा नाईक. त्यांच्यासमोर गंभीर आणि डब्ल्यू. व्ही. रामन यांच्या मुलाखती झाल्या आणि ९ जुलैला गंभीर यांचं नाव जाहीर झालं. हे सगळं उघड आणि छापील होतं.

पण मी त्या तरुणाला घरी जाऊ दिलं नाही, कारण त्याच्या रागात एक खरी गोष्ट होती आणि ती तो चुकीच्या शब्दांत मांडत होता. पंडित यांना भारताचं पद का नाही, हा प्रश्न वयाच्या अटीपाशी संपतो. कोलकात्याच्या विजयाचं श्रेय कसं वाटलं गेलं, हा प्रश्न संपत नाही. त्या आठवड्यातले लेख काढून पाहा. मेंटॉरच्या डावपेचांवर पानंच्या पानं, आणि दोन हंगाम संघाला रोज नेटमध्ये उभं करणाऱ्या मुख्य प्रशिक्षकाला जेमतेम एखादी ओळ. इथे पक्षपात आहे असं मला मनापासून वाटतं. तो प्रांताचा नाही, प्रसिद्धीचा आहे. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ९७ धावा केलेला गंभीरसारखा माणूस कॅमेऱ्याला हवा असतो. पाच कसोटी खेळलेला, शिस्तीसाठी ओळखला जाणारा पंडितसारखा यष्टिरक्षक नको असतो. आरोप करायचा तर हा करा. याला पुरावा आहे.

तेव्हा एक करा. जाहिरात निघाली की तिच्या अटी कागदावर उतरवून घ्या: तीस कसोटी किंवा पन्नास एकदिवसीय सामने, नाहीतर प्रशिक्षणाचा ठरावीक अनुभव किंवा प्रमाणपत्र, आणि वय. ज्याचं नाव चर्चेत येईल त्याच्यापुढे खुणा करा. माझ्या पाकिटात तो कागद महिनाभर होता.

इन्कार आला म्हणजे बातमी खोटी, असं धरून चालणं

त्याच मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार रिकी पाँटिंग यांनी सांगितलं की आयपीएलदरम्यान या पदाबद्दल आपल्याशी थोडं बोलणं झालं, आपली इच्छा आहे का याची चाचपणी म्हणून. २४ मे रोजी बोर्डाचे तेव्हाचे सचिव जय शहा यांनी निवेदन काढलं: मी किंवा बोर्डाने ऑस्ट्रेलियाच्या कुठल्याही माजी खेळाडूला प्रशिक्षकपदाचा प्रस्ताव दिलेला नाही, काही माध्यमांतल्या बातम्या चुकीच्या आहेत. कट्ट्याचे लगेच दोन तट पडले. एका तटाने वार्ताहरांना खोटारडे ठरवलं, दुसऱ्याने बोर्डाला.

दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा. एकात ‘बोलणं’ आहे, दुसऱ्यात ‘प्रस्ताव’. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. इन्कार करणारा माणूस शब्द फार काळजीपूर्वक निवडतो आणि आपण ते फार निष्काळजीपणे वाचतो. मी डेस्कवर नव्या मुलांना इन्काराची बातमी कधीच सारांश करून लिहू द्यायचो नाही. मूळ वाक्य जसंच्या तसं घ्या, मग खाली काय लिहायचं ते लिहा.

आणि एक शंका मात्र जरूर घ्या. अर्जांची मुदत सुरू असताना एखादं नाव अचानक सगळीकडे झळकलं, तर ते कुणीतरी पेरलेलं असू शकतं, लोक काय म्हणतात ते पाहायला. तेव्हा विचारायचं एवढंच, की हे नाव बाहेर येण्याने फायदा कोणाचा: बोर्डाचा, त्या माणसाचा, की सध्याच्या संघाकडून जास्त मानधन मागणाऱ्या त्याच्या एजंटचा?

टीका आणि पक्षपात एकच मानणं

गहुंजेला आपण दोन कसोटी हरलो, दोन्ही तीन दिवसांत. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून ३३३ धावांनी, डाव १०५ आणि १०७. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडकडून ११३ धावांनी, पहिला डाव १५६ आणि मिचेल सँटनरचे तेरा बळी. एका मित्राने विचारलं, कुंबळेंच्या वेळी खेळपट्टीवर टीका झाली आणि गंभीरच्या वेळी प्रशिक्षकावर, हा दुजाभाव नव्हे का?

या चर्चेतला हा सगळ्यात चांगला प्रश्न, कारण यात निदान तुलना आहे. पण २०१७ चा पराभव सलग १९ कसोटी अपराजित राहिल्यानंतरचा, मालिकेतला पहिला होता, आणि ती मालिका पुढे आपण २-१ अशी जिंकली. सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला ‘खराब’ असा शेराही दिला होता. २०२४ चा पराभव त्याच मालिकेतल्या बंगळुरूच्या पराभवापाठोपाठचा होता आणि मायदेशातल्या सलग १८ कसोटी मालिका विजयांची साखळी त्याने तोडली. प्रसंग सारखे नव्हते, लिखाणही सारखं झालं नाही. तुलना करायची तर नवा प्रशिक्षक मालिका हरला आणि जुना प्रशिक्षक मालिका हरला, असे दोन प्रसंग शेजारी ठेवा. एका पराभवानंतरच्या चार दिवसांचे पेपर गोळा करून काहीच सिद्ध होत नाही. महिला संघ २०२५ च्या विश्वचषकात साखळीत सलग तीन सामने हरला तेव्हा प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांच्यावर टीका झालीच. २ नोव्हेंबरला तोच संघ नवी मुंबईत विश्वविजेता झाला. मधल्या टीकेतली संघनिवडीबद्दलची काही वाक्यं मला आजही बरोबर वाटतात.

आणखी थोड्या

काढलं, सोडलं आणि मुदत संपली या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गंभीरसाठी द्रविडला काढलं’ असं आजही ऐकू येतं; द्रविड यांची मुदत संपली होती आणि त्यांनी पुन्हा अर्ज केला नाही.

फॉरवर्ड आलेल्या स्क्रीनशॉटवर तारीख नसेल तर तो पुढे पाठवू नका. २०२४ मध्ये अर्ज गूगल फॉर्मवर मागवले होते आणि बड्या लोकांच्या नावाने कुणीतरी बनावट अर्ज भरल्याच्या बातम्या आल्या. ‘धोनीने अर्ज केला’ हे मला तीन शिकल्यासवरल्या माणसांनी पाठवलं.

माजी खेळाडूचं मत ऐकताना तो आज कोणत्या संघाच्या किंवा वाहिनीच्या मानधनावर आहे ते आधी बघा.

मत आणि बातमी वेगळी ओळखा. लेखकाचा फोटो वर असेल, तर ते बहुधा मत असतं.

आणि वार्ताहराच्या घरापर्यंत जाऊ नका. आमच्याकडे एक तरुण मुलगी होती. एका प्रशिक्षकाचा करार वाढणार नाही अशी बातमी तिने दिली आणि तिच्या फोनवर रात्रभर घाणेरडे संदेश आले, एकात तर तिच्या सोसायटीचं नाव होतं. नंतरचे तीन आठवडे मी तिच्या बातम्यांवर नावाऐवजी ‘क्रीडा प्रतिनिधी’ छापलं. त्या काळात तिने दिलेल्या दोन चांगल्या बातम्या तिच्या नावावर लागल्या नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

तक्रार असेल तर संपादकांना पत्र लिहा. तारीख, पान, नेमकं वाक्य, आणि त्यात काय चुकलं ते. चार ओळी पुरतात. आमच्याकडे अशी पत्रं महिन्याला दोन-तीन यायची. फाइलवाले ते काकाही पुढे कात्रणं आणायचं सोडून अशी पत्रं लिहू लागले. त्यांच्या दोन पत्रांवरून आम्ही दुरुस्ती छापली, त्यातली एक पहिल्या क्रीडा पानावर, चौकटीत.