जैवसर्फॅक्टंटची निवड आणि वापर: क्लीन्झरपासून औषधापर्यंत

जीवाणू किंवा यीस्ट यांनी तयार केलेला पृष्ठसक्रिय पदार्थ (तेल व पाणी एकत्र आणणारा, साबणासारखा पदार्थ), म्हणजेच जैवसर्फॅक्टंट, एखाद्या क्लीन्झरमध्ये किंवा मलमात वापरायचा असेल, तर बाटलीवर एकच नाव असले तरी आत एकाच प्रकारचा रेणू नसतो, हे आधी लक्षात घ्यावे. रॅम्नोलिपिड या जैवसर्फॅक्टंटमध्ये एक शर्करा असलेले आणि दोन शर्करा असलेले रेणू एकत्र असतात, तर सोफोरोलिपिड या दुसऱ्या जैवसर्फॅक्टंटमध्ये लॅक्टोन (रेणूचे वलय बंद असलेले) आणि आम्ल (वलय उघडलेले) अशी दोन रूपे असतात. त्यांचे परस्परप्रमाण सूक्ष्मजीवाच्या वाणावर, त्याला पुरवलेल्या तेलावर आणि शुद्धीकरणावर ठरते, आणि पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या प्रमाणाशी जोडलेला असतो.

निवड उत्पादनाच्या कामावरून करावी. धुऊन टाकायच्या उत्पादनासाठी आम्लरूप अधिक असलेले सोफोरोलिपिड सोयीचे असते, कारण ते पाण्यात चांगले विरघळते आणि फेसही देते. लॅक्टोनरूप पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागावरील ताण) अधिक कमी करते व जीवाणूंना अधिक रोखते, पण पाण्यात कमी विरघळते. कोरड्या त्वचेच्या क्रीमसाठी मॅनोसिलएरिथ्रिटॉल लिपिड या जैवसर्फॅक्टंटचा विचार करावा, कारण त्वचेत ओलावा धरून ठेवण्याच्या बाबतीत ते सिरॅमाइडसारखे (त्वचेतील नैसर्गिक मेदासारखे) वागते. बॅसिलस सबटिलिसपासून मिळणारे सर्फॅक्टिन पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरवरून २७ पर्यंत खाली आणते, त्यामुळे ते अत्यल्प प्रमाणातही पुरते.

खरेदी करताना प्रत्येक बॅचचे विश्लेषणपत्र मागावे आणि त्यात सक्रिय घटकाची टक्केवारी, रेणूंच्या रूपांचे प्रमाण, उरलेले द्रावक व तेल आणि सूक्ष्मजीवसंख्या पाहावी. रॅम्नोलिपिडच्या बाबतीत उत्पादक जीवाणू कोणता, हे विचारलेच पाहिजे. त्याचा परंपरागत स्रोत असलेला स्यूडोमोनास एरुजिनोसा हा माणसाला संसर्ग करू शकणारा जीवाणू आहे, म्हणूनच काही उत्पादक आता जनुकीय बदल केलेला निरुपद्रवी स्यूडोमोनास प्युटिडा वापरतात. दोन्ही जीवाणू ग्रॅम-ऋण गटातील असल्याने औषधी वापरापूर्वी एंडोटॉक्सिनची (अशा जीवाणूंच्या आवरणातील विषारी घटकाची) चाचणी आवश्यक ठरते. संसर्गाच्या या धोक्यामुळेच हे जीवाणू घरी वाढवून प्रसाधन बनवण्याचा मोह कोणीही धरू नये.

प्रमाण काढताना द्रावणाचे वजन आणि सक्रिय घटकाचे वजन यांची गल्लत होऊ देऊ नये. १०० ग्रॅम क्लीन्झरमध्ये ५ टक्के सक्रिय घटक हवा असेल आणि हाती ५० टक्क्यांचे द्रावण असेल, तर १० ग्रॅम द्रावण घ्यावे लागते. ते पाण्याच्या भागात हळू ढवळत मिसळावे, अन्यथा फेस होऊन हवा अडकते. मीठ घालून दाटपणा येईलच असे नाही. झँथन गमसारखा दाटपणा देणारा घटक अधिक भरवशाचा असतो.

यानंतर पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा अंक) पाहावा, आणि येथे घाई करू नये. रॅम्नोलिपिडमधील कार्बोक्सिल गट उदासीन पाण्यात ऋणभारित असतो. पीएच ५ च्या खाली गेला की तो भार बराचसा नाहीसा होतो, द्रावण गढूळ होते आणि कधी गाळही बसतो. उलट फार अल्कधर्मी मिश्रणात सोफोरोलिपिडचे लॅक्टोनवलय उघडून आम्लरूप तयार होते, म्हणजे निवडताना जे रूप हवे होते तेच हातून जाते. केसांच्या कंडिशनरमधील धनभारित घटकांशी ऋणभारित जैवसर्फॅक्टंट मिसळल्यास दोघे एकमेकांना बांधून अवक्षेप बनवू शकतात, म्हणून अशी जोडी आधी थोड्या प्रमाणात तपासावी. परिरक्षकही (उत्पादन खराब होऊ न देणारा घटक) मायसेलमध्ये, म्हणजे सर्फॅक्टंटच्या रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांमध्ये, अडकून निष्प्रभ होऊ शकतो. त्यामुळे त्याची परिणामकारकता तयार उत्पादनातच, त्यात मुद्दाम सूक्ष्मजीव मिसळून तपासावी.

औषधाच्या बाबतीत निकष याहून कठोर असतात, कारण पेशींचे आवरणही मेदाचेच असते आणि तेलावर काम करणारा रेणू त्या आवरणालाही भेदू शकतो. सर्फॅक्टिन तांबड्या रक्तपेशी फोडते. त्वचेवर अल्प प्रमाणात चालणारा पदार्थ शिरेतून देता येईल, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही. डॅप्टोमायसिन हे सूक्ष्मजीवजन्य लिपोपेप्टाइड (मेद जोडलेले पेप्टाइड) प्रतिजैविक २००३ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या गुंतागुंतीच्या संसर्गांसाठी मंजूर झाले, परंतु न्यूमोनियासाठी ते वापरले जात नाही, कारण फुप्फुसातील नैसर्गिक सर्फॅक्टंट त्याला बांधून निष्क्रिय करते. रेणू तोच असला तरी ऊतक बदलले की परिणाम बदलतो. म्हणून प्रयोगशाळेच्या ताटलीतील यशावर थांबू नये. रक्तपेशी फुटण्याची चाचणी, त्वचेच्या पेशींवरील विषाक्तता आणि वापराच्या नेमक्या मार्गानुसार स्थैर्य, हे सगळे अंतिम मिश्रणावरच तपासावे आणि पुरवठादार किंवा बॅचमधील रूपांचे प्रमाण बदलल्यास या चाचण्या पुन्हा कराव्यात.