‘टेस्टिंग तुला बरं पडेल’: आयटीतल्या ठरीव समजुतींना कामातून तोंड कसं द्यायचं

‘नवीन सीनियर डेव्हलपर येतोय, त्याला ॲक्सेस देऊन ठेव.’ मुलाखती अजून व्हायच्या असतात, पण ‘येतोय’ ठरून गेलेलं असतं. ‘टेस्टर आली का?’ म्हणताना मात्र क्रियापद आपोआप बदलतं. आपल्या भाषेत क्रियापदाला बऱ्याचदा लिंग लावावं लागतं, त्यामुळे डेव्हलपर म्हणजे पुरुष आणि टेस्टर म्हणजे बाई ही मनातली समजूत जिभेवर लवकर येते. पुढच्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, ऐकून बघा.

1974 साली टाटांच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलेलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती, यांनी त्यावर जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवलं, आणि पुढे त्या तिथे इंजिनिअर म्हणून रुजूही झाल्या. जाहिरात छापील होती, म्हणून तिच्यावर बोट ठेवता आलं. आज हिंजवडी किंवा खराडीतल्या कुठल्याही टीममध्ये असं कुणी लिहीत नाही. ‘तू समजून घेतेस म्हणून क्लायंटचा सपोर्ट तुझ्याकडे’ हे कौतुकाच्या सुरात म्हटलं जातं आणि हवेत विरतं. म्हणून पहिलं काम म्हणजे ही हवेतली गोष्ट कागदावर आणणं. समोरच्याची समजूत बदलायला वर्षं जातात. कामाचं वाटप पुढच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या पुढच्या ठरावीक टप्प्याला, बदलू शकतं.

आधी मोजणी

मागचे सहा स्प्रिंट घ्या. दोन आठवड्यांचा एक धरला तर बारा आठवडे होतात. त्याहून कमी घेतले, तर ‘तेव्हा रिलीज होतं ना’ एवढ्या एका वाक्यात तुमचं म्हणणं उडवता येतं. जिरामध्ये, म्हणजे कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, माणसागणिक फिल्टर लावा आणि संपलेली टिकेटं, म्हणजे नोंदवलेली एकेक कामं, तीन ढिगांत टाका. पहिल्यात नवीन फीचर आणि डिझाइन, दुसऱ्यात बग, सपोर्ट आणि रिग्रेशन (बदलानंतर जुनं सगळं चालतंय का याची पुन्हा तपासणी), तिसऱ्यात डॉक्युमेंटेशन आणि किरकोळ. शिवाय जिरात कधीच न दिसणारी कामं असतात: मीटिंगचे एमओएम (इतिवृत्त), फ्रेशरला कोडबेस दाखवणं, केक मागवणं, महिला दिनाची कमिटी. ती कॅलेंडरवरून आठवून तासांत लिहा.

समजा तुमच्या 30 टिकेटांपैकी पहिल्या ढिगात 4 आली आणि तुमच्याच बँडच्या (पदाच्या पायरीच्या) सहकाऱ्याच्या 28 पैकी 13 आली. यावर बोलता येतं. बँड मात्र तोच हवा. एक पायरी वरच्या माणसाशी तुलना केली की टीमचा लीड तेवढाच धागा पकडतो आणि बाकीची मोजणी वाया जाते. टिकेटं मोजताना स्टोरी पॉइंट, म्हणजे कामाच्या आकाराचे गुण, हेही बघा. पाच छोटे बग आणि एक मोठं मॉड्यूल यांचं वजन सारखं नसतं.

आता हा तक्ता घेऊन भांडायला जायचं नाही. मागचं उकरलं की समोरचा बचावात जातो. पुढचं काम मागा, तेही स्प्रिंट प्लॅनिंगच्या दोन-तीन दिवस आधी, लीडशी दोघांतच होणाऱ्या वन-ऑन-वनमध्ये. त्याच संध्याकाळी मेल टाका. ऑफिसात तो इंग्रजीत जाईल, पण मजकूर एवढाच असावा:

‘आज बोलल्याप्रमाणे: मागच्या सहा स्प्रिंटमध्ये माझ्याकडे डिझाइनची 4 टिकेटं होती. पुढच्या रिलीजमधलं नोटिफिकेशन सर्व्हिसचं डिझाइन मी घेते, पहिला मसुदा 12 तारखेला देते. रिग्रेशन दर स्प्रिंटला आळीपाळीने करायचं ठरलं आहे. काही राहिलं असेल तर कळवा.’

यात तक्रार नाही, विशेषणही नाही. मॉड्यूलचं नाव आणि तारीख आहे. ‘मला चॅलेंजिंग काम द्या’ ही मागणी सगळे हसून मान्य करतात आणि तिचं पुढे काहीच होत नाही. मॉड्यूलचं नाव घेतलं की हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

ऑफिसातलं घरकाम

‘एमओएम कोण घेतंय?’ असं विचारल्यावर जी शांतता पसरते, ती बहुतेक वेळा एखादी बाईच मोडते. यावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2017 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत असं बिनफायद्याचं काम अंगावर घेण्याचं स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास दीडपट होतं. मात्र नुसत्या पुरुषांच्या आणि नुसत्या बायकांच्या गटांत हे प्रमाण सारखंच निघालं. म्हणजे स्वभावाचा प्रश्न नाही. ‘ती घेईल’ हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेलं असतं.

उपाय साधा आहे: आडनावाच्या अक्षरक्रमाने पाळी लावा आणि यादी टीम चॅनलला पिन करा. पाळी लावायची सूचना तुमची पाळी नसलेल्या दिवशी करा, नाहीतर ‘काम टाळतेय’ असं वाटतं. आणि विचारलं गेल्यावर पहिले दहा सेकंद गप्प बसा. हे सांगायला सोपं आणि करायला भलतंच अवघड आहे.

शुक्रवारची दहा मिनिटं

एक वही ठेवा आणि चार रकाने आखा: तारीख, काय झालं, कोण हजर होतं, पुरावा कुठे आहे. ‘मला वाईट वाटलं’ इथे लिहू नका, शब्द जसेच्या तसे लिहा. ‘14 तारीख, डिझाइन रिव्ह्यू, रिट्राय क्यूची सूचना मी 11:20 ला मांडली, उत्तर नाही. 11:35 ला दुसऱ्याने तीच मांडली, मंजूर. हजर: पाच जण. पुरावा: रेकॉर्डिंग.’ केलेली कामं आणि मिळालेली शाबासकीही याच वहीत लिहा. अप्रेझलला तीच कामी येते.

इथे एक चूक फार जणी करतात: ऑफिसचे मेल आणि कोडचे स्क्रीनशॉट स्वतःच्या जीमेलवर पाठवून ठेवतात. बहुतेक कंपन्यांच्या नियमात ही माहितीची चोरी ठरते, आणि मूळ विषय बाजूला राहून चौकशी तुमचीच लागते. वहीत फक्त मेलची तारीख आणि विषय लिहा. मूळ मेल सर्व्हरवर असतोच, चौकशीत तो मागवता येतो.

मीटिंग आणि रिव्ह्यू

कल्पना मीटिंगमध्ये पहिल्यांदा तोंडी मांडू नका. एक पानाचं डिझाइन डॉक आदल्या दिवशी चॅनलवर टाका. टीमचे दस्तऐवज ठेवायच्या कॉन्फ्लुअन्समध्ये नाव आणि तारीख राहते, मग पुढे ती कल्पना कुणाच्याही तोंडून आली तरी दस्तऐवज तुमचाच. मध्येच कुणी तोडलं तर आवाज न चढवता, न थांबता ‘एवढं वाक्य पूर्ण करते’ म्हणा आणि खरंच पूर्ण करा. ‘सॉरी, मी बोलत होते’ यातला सॉरी गाळा. तुमचीच सूचना दुसऱ्याने मांडली तर ‘हो, डॉकमधला तिसरा मुद्दा हाच आहे, तिथे लोडचे आकडेही दिलेत’ असं म्हणून सूत्र परत हातात घ्या.

क्लायंट कॉलवर ‘कुणी टेक्निकल आहे का?’ हा प्रश्न मॉड्यूल लिहिणारीसमोरच येतो. त्याचं उत्तर तुम्ही देण्यापेक्षा लीडने द्यावं, म्हणून कॉलच्या आधीच त्याच्याशी ठरवा: ओळख करून देताना ‘पेमेंटचा भाग यांचा आहे’ एवढं म्हणायचं आणि प्रश्न आपल्याकडे आला तरी तो यांच्याकडे वळवायचा. लीडने एकदा जरी उत्साहात स्वतः उत्तर दिलं, तर पुढचे सगळे प्रश्न त्याच्याकडेच जातात.

कोड रिव्ह्यूबद्दल गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरच्या पुल रिक्वेस्टचा (आपला कोड प्रकल्पात घ्या अशा विनंतीचा) एक अभ्यास आहे, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला. स्त्रियांच्या पुल रिक्वेस्ट मंजूर होण्याचं प्रमाण एकूण पुरुषांपेक्षा साधारण चार टक्क्यांनी जास्त होतं. पण प्रकल्पाबाहेरून आलेल्या आणि प्रोफाइलवरून बाई असल्याचं कळणाऱ्यांच्या बाबतीत ते खाली आलं. टीममध्ये नाव लपवता येत नाही, त्यामुळे निकष बाहेर काढा. ‘हे बरोबर वाटत नाही’ अशा शेऱ्यावर एकच प्रश्न विचारा: ‘स्टाइल गाइडमधला कुठला नियम, की कुठला टेस्ट केस?’ नियम असेल तर कोड बदला. नसेल तर ते मत आहे, आणि मतासाठी मर्ज (कोड मूळ प्रकल्पात मिसळणं) अडवायचा की नाही हे टीमने एकदाच ठरवावं. तुमचा पुल रिक्वेस्ट चारशे-पाचशे ओळींच्या वर गेला असेल तर मात्र दोष समजुतीला देऊ नका. एवढा मोठा कोड कुणीच नीट वाचत नाही.

अप्रेझल

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. किअरन स्नायडर यांनी 2014 मध्ये टेक कंपन्यांमधली 248 अप्रेझलं तपासली. सुधारणा सुचवणाऱ्या अप्रेझलांत स्वभावावरची टीका स्त्रियांच्या 94 पैकी 71 मध्ये होती, पुरुषांच्या 83 पैकी 2 मध्ये. आपल्याकडचे शब्द ओळखीचे आहेत: ‘जरा ॲग्रेसिव्ह’, ‘इमोशनल’, आणि उलट टोकाला ‘फार सॉफ्ट-स्पोकन, लीड करेल असं वाटत नाही’. एकाच बाईला दोन वर्षांत दोन्ही शेरे मिळालेले असू शकतात.

अशा शेऱ्यावर ‘मी तशी नाहीये’ म्हणू नका, कारण स्वभाव सिद्ध करता येत नाही. तीन गोष्टी विचारा: कुठल्या प्रसंगी, त्याने कामाचं काय बिघडलं, आणि पुढच्या सहा महिन्यांत काय दिसलं म्हणजे हा शेरा निघेल. उत्तरं तिथेच लिहून घ्या आणि मेलने परत पाठवा. प्रसंग सांगता आला नाही तर शेरा लेखी अभिप्रायातून काढण्याची विनंती करा. प्रसंग खरा निघाला तर मान्य करा. प्रत्येक टीकेमागे पूर्वग्रह असतोच असं नाही, आणि हा फरक करता आला तरच पुढच्या वेळी तुमचं म्हणणं ऐकलं जातं.

स्वतःचं मूल्यमापन लिहिताना ‘आम्ही’ आवरा. ‘टीमने परफॉर्मन्स सुधारला’ यातून तुमच्या वाट्याला काही येत नाही. ‘ऑर्डर शोधण्याच्या क्वेरीत इंडेक्स बदलून प्रतिसादाचा वेळ 900 वरून 300 मिलिसेकंदांवर आणला, डिझाइन आणि अंमलबजावणी माझी’ असं लिहा. पाच-सहा ओळी पुरतात. हे रेटिंगच्या बैठकीच्या तीन-चार आठवडे आधी लीडच्या हातात हवं. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी दिलं तर उपयोग नाही, कारण तोवर वरच्या बैठकीत आकडे ठरलेले असतात.

रात्रीचं डिप्लॉयमेंट

नवा कोड चालू यंत्रणेवर चढवायचा असतो तेव्हा ‘मुलींना रात्री थांबवायला नको’ हा काळजीचा सूर असतो, पण प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती यंत्रणा, बंद पडल्यावर हाताळण्याचा अनुभवही त्याच सुरात निसटतो, आणि प्रमोशनच्या वेळी ‘ऑन-कॉल केलेलं नाही’, म्हणजे बोलावलं की हजर व्हायची पाळी केलेली नाही, म्हणून तोच मुद्दा समोर येतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्रीची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम करता येतं. भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतनात स्त्रियांशी भेदभाव करायला तोच कायदा मनाई करतो. तेव्हा परस्पर नाव गाळण्याआधी विचारावं, हा नियमच करून घ्या. कॅब, सोबत आणि घरून ऑन-कॉल यांचं उत्तर लेखी मागा, आणि दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा सगळ्यांना सारखी ठेवा.

मुलाखत आणि बाळंतपण

‘लग्नाचा विचार?’, ‘मिस्टर पुण्यातच असतात का?’ हे प्रश्न बहुधा एचआरच्या फेरीत, चहा विचारावा तसे येतात. चिडू नका, खोटंही बोलू नका: ‘ऑन-कॉल आणि प्रवास किती आहे ते सांगा, मला जमेल का ते लगेच सांगते.’ मुलाखत घेणाऱ्यांसाठी त्याहून सोपं आहे: सगळ्यांना तेच पाच प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 4 गुण, आणि आपसात बोलण्याआधी गुण लिहून टाकायचे. आधी बोललं की वरिष्ठाचं मत सगळ्यांच्या गुणांत उतरतं.

बाळंतपणाची पगारी रजा 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे आहे. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही आहे. रजेवर जाण्याआधी दोन कागद हातात घ्या: काम केलेल्या महिन्यांचा लेखी अभिप्राय, आणि परतल्यावर कोणतं मॉड्यूल याबद्दलचा मेल. पहिला नसेल तर नवा लीड रिकाम्या सहा महिन्यांवरून रेटिंग देतो. रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी लीडशी अर्धा तास बोला. परत आलेलीला ‘बाळ लहान आहे’ म्हणून हलकं काम देणारे लीड सहसा चांगलेच असतात, म्हणूनच त्यांना नाही म्हणणं कठीण जातं. ‘हलकं हवं असेल तेव्हा मी सांगेन’ हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

तक्रार कुठे न्यायची

कामाचं वाटप, रेटिंग, पगार यांतला भेदभाव एचआर किंवा तक्रार निवारणाच्या वाटेने न्यावा लागतो. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा वेगळा आहे. नकोसा स्पर्श, लैंगिक शेरे, तसल्या मेसेज-विनोदांनी कामाची जागा नकोशी करणं, ‘माझं ऐकलंस तर ऑनसाइट’ (क्लायंटकडे परदेशी जायची संधी) असा इशारा, हे त्यात येतं. ‘मुलींना नेटवर्किंग कळत नाही’ एवढंच वाक्य सहसा येत नाही. चुकीच्या दारात अर्ज गेला की तो फेटाळला जातो, आणि नंतर खऱ्या दारातही आधीचा निकाल पुढे केला जातो. दोन्ही प्रकार मिसळलेले असतील तर दोन वेगळे अर्ज करा.

दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असते, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. दहाहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत पुरी व्हायला हवी. नियमाप्रमाणे अर्जाच्या सहा प्रती द्यायच्या असतात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. वहीतला ‘कोण हजर होतं’ हा रकाना इथे लागतो. स्वतःसाठी सातवी प्रत काढा आणि तिच्यावर मिळाल्याची तारीख घालून सही घ्या.