जुनं फर्निचर दुरुस्त करून विकताय? या चुका टाळा

जळगावात कॉलेजच्या मुलामुलींसोबत मी काही वर्षं हे काम करतोय. जुनी खुर्ची, कपाट, घडवंची आणायची, नीट करायची आणि विकायची. बहुतेकांचा पैसा बुडतो तो रंगाचा ब्रश हातात घेण्याआधीच.

खरेदीपासून सुरुवात करू. सागवानी घडवंची स्वस्तात मिळतेय म्हणून उचलली, आणि चार दिवसांनी खाली पिठासारखी भुकटी! घेण्याआधी वस्तू उलटी करा, पाय ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर सोडून द्या. आणलीच असेल तर खाली काळा कागद अंथरून दोन रात्री ठेवा. कागदावर ताजी भुकटी दिसली की किडा जिवंत आहे असं समजा. ती बाकीच्या मालापासून लांब ठेवा.

सगळ्यात महागात पडते ती सांध्यातली घाई. खुर्ची डुगडुगते म्हणून मुलं सरळ खिळा ठोकतात. लाकूड चिरतं, आणि महिन्याभरात खुर्ची पुन्हा डुगडुगते. सांधा पूर्ण सुटा करा, जुना वाळलेला डिंक पटाशीने खरवडून काढा. त्याच्यावर नवा फेविकॉल धरत नाही. मग जोडून आवळा. क्लॅम्प नसेल तर पायांभोवती दोरी गुंडाळा, मध्ये काठी घालून पीळ द्या आणि काठी अडकवून ठेवा. चोवीस तास हात लावायचा नाही. आमच्याकडे मदतीला येणारे सुतारबाबा एवढंच म्हणतात, ‘रंग नंतर, पहिले सांधा देख.’

आपल्या उन्हाचाही हिशेब ठेवा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना अंगणात ऑइलपेंट मारला तर वर साय धरते, आत रंग ओलाच राहतो आणि फोड येतात. रंगकाम सकाळी, सावलीत करा. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. मे महिन्यात घट्ट बसवलेला ड्रॉवर जुलैत उघडत नाही आणि गिऱ्हाईक तुमच्या दारात येतं. तेव्हा थोडी फट सोडा.

जुना रंग कोरडा घासू नका, ही माझी कळकळीची विनंती. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर (हा विषारी धातू) ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, चांगला मास्क लावा, लहान भावंडांना तिथे फिरकू देऊ नका.

आता हिशेब. एका गटाने २५० रुपयांना खुर्ची घेतली. पॉलिश पेपर ६०, पॉलिश १५०, खिळे-डिंक ४०, टेम्पोचा वाटा १००. एकूण ६००. विकली ८०० ला. मुलं खूश, २०० सुटले! पण तिघं जण दोन दिवस राबले होते. म्हणजे माणशी रोज ३३ रुपये. मजुरी पहिल्याच दिवशी वहीत मांडा आणि त्यावरून ठरवा की ही वस्तू घ्यायची की नाही. दिवाळीच्या आवराआवरीत घरोघरी जुनं सामान निघतं, भुसावळला बदलीवर निघालेली रेल्वेची कुटुंबंही सामान काढतात. तेव्हा भाव खाली असतो.

आणि कपाट विकताना इसार घेण्याआधी गिऱ्हाइकाच्या दाराचं आणि जिन्याचं माप घ्या. आम्ही एक कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून परत आणलंय, टेम्पोचं भाडं दोनदा भरून.